लाइट, सलाइन आणि कापसाची वेचणी

कापूस फुटला की विदर्भातल्या बायांची दुखणी पुढे ढकलली जातात. 'येवढा येचा होऊ दे, मंग पाहू.' पाळी जाऊन चार वर्षं झालेल्या बाईला पुन्हा लाल जायला लागलं, तरी ती कापड घेते आणि अंगावर काढते. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर या काळात आतल्या आत पसरतो.

त्यावरच्या उपचाराच्या दोन्ही वाटा 1898 सालच्या. व्हिएन्नात एर्न्स्ट वेर्थहाइम यांनी आजूबाजूच्या भागासकट पिशवी काढण्याची मोठी शस्त्रक्रिया केली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्युरी दांपत्याला रेडियम सापडलं; किरणांनी कॅन्सर जाळायची वाट त्यातून निघाली, तिलाच बाया 'लाइट' म्हणतात. 1951 मध्ये कॅनडात बाहेरून किरण देणारं कोबाल्टचं मशीन सुरू झालं. 1999 मध्ये पाच चाचण्यांचे निष्कर्ष जुळले: लाइटसोबत सिस्प्लॅटिन हे कॅन्सरचं औषध सलाइनमधून दिलं तर बाया जास्त जगतात. 2024 च्या एका चाचणीत, ज्यात भारतातल्या बायाही होत्या, आधी सहा आठवडे दोन जुनीच औषधं दिली, तर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण 72 वरून 80 टक्क्यांवर गेलं. औषधं जुनी आहेत, म्हणून मला ही बातमी मोठी वाटते.

पण लाइट म्हणजे साधारण पाच आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, वर आतून द्यायचा लाइट वेगळा. यवतमाळकडच्या खेड्यातून नागपूर किंवा सेवाग्रामला रोज एसटीने जाणं होत नाही. तिथेच राहावं लागतं आणि सोबतच्या माणसाचीही मजुरी बुडते. उपचार सुटतो तो इथे.

अंगावर काढणं किती खोल आहे, ते डॉ. राणी आणि अभय बंग यांनी 1989 मध्ये जगासमोर मांडलं. गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बाया तपासल्या. 92 टक्के बायांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के.

1983 मध्ये हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी या कॅन्सरमागचा एचपीव्ही विषाणू शोधला, आणि आजार व्हायच्या आधीच गाठायची सोय झाली. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखावर बायांवर झालेल्या अभ्यासात आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याहून साधी तपासणी उपकेंद्रातही होते. पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ ॲसिटिक ॲसिड कापसाच्या बोळ्याने लावायचं, मिनिटभर थांबायचं. संशयाची जागा पांढरी पडते. डाग लहान असेल तर तो तिथेच, भूल न देता, शेकून टाकता येतो. संध्याकाळी बाई घरी असते.