पार्श्वभूमी: हिरव्या-निळ्या-लाल पिनांचं काय झालं?

दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा एलसीडी टीव्ही भिंतीपासून ओढून मागे पाहिलं, तर एका ओळीत पाच गोल सॉकेट दिसतात. हिरवं, निळं, लाल. आणि शेजारी पुन्हा लाल, पांढरं. बहुतेक घरांत त्यातल्या हिरव्या-निळ्याला कधी पिन लागलीच नाही. खरं तर काही वर्षं घरातल्या टीव्हीवर सर्वांत स्वच्छ चित्र आणायचा तो मार्ग होता.

त्याआधीचं थोडक्यात. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं आणि मागोमाग भाड्याचे व्हीसीआर गल्लोगल्ली फिरू लागले. व्हीसीआर जोडायचा तो अँटेनाच्या वायरीने. म्हणजे यंत्र स्वतःच एक छोटं प्रक्षेपण केंद्र व्हायचं आणि टीव्हीवर रिकामं चॅनल शोधत बटण पिळत बसायचं. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली लग्नाची कॅसेट मात्र कितीही पिळलं तरी लागायची नाही. तिकडे ५२५ रेषा, आपल्याकडे ६२५.

मग टीव्हीला ‘एव्ही’ आलं, म्हणजे पिवळी पिन. अँटेनाचा वळसा वाचला, मुंग्या गेल्या. पण पिवळ्या वायरीत उजेड आणि रंग एकत्र कालवलेले असतात. वरण-भात कालवून टीव्हीपुढे ठेवायचा आणि वरण वेगळं, भात वेगळा कर म्हणायचं, असा हा प्रकार. ते नीट जमत नाही. म्हणून बातम्यांच्या लाल पट्टीच्या कडेला ठिपके सरपटतात आणि बारीक चौकडीच्या शर्टावर इंद्रधनुष्य उमटतं. गंमत म्हणजे व्हीएचएसच्या, म्हणजे व्हीसीआरच्या कॅसेटमधल्या, फितीवर उजेड आणि रंग वेगवेगळ्या कंपनसंख्येवर, मिसळू न देता नोंदलेले असतात. बाहेर पडताना कालवायचे आणि टीव्हीत शिरल्यावर पुन्हा निवडायचे! १९८७ च्या सुमारास चार काड्यांची एस-व्हिडिओ पिन आली, तिने हा उपद्व्याप थांबवला. आपल्याकडे ती फारशा घरांत पोचली नाही.

डीव्हीडी आल्यावर खरा गोंधळ सुरू झाला, आणि तो शब्दांचा होता. पिवळी पिन ‘कॉम्पोझिट’, नवी हिरव्या-निळ्या-लाल अशी तिहेरी पिन ‘कॉम्पोनंट’. दुकानदारही दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरत. त्यात हिरव्या वायरीतून हिरवा रंग जातो, असाच सगळ्यांचा समज. तसं नाही. हिरव्यातून जातो उजेड, म्हणजे अख्खं कृष्णधवल चित्र. निळ्यातून जातो निळा रंग आणि उजेड यांतला फरक, लालमधून लाल आणि उजेड यांतला. हिरव्याचा हिशेब टीव्ही या तिघांतून स्वतः काढतो. शिवाय तंत्रज्ञांनी या एकाच गोष्टीला वायपीबीपीआर, वायसीबीसीआर, वाययूव्ही अशी तीन नावं सैलपणे वापरून ठेवली होती.

आमच्याकडे नवा प्लेअर आला तेव्हा प्लेअरची पिवळी पिन मी घाईत टीव्हीच्या हिरव्या सॉकेटात खोचली. चित्र आलं, पण कृष्णधवल, आणि त्यावर बारीक जाळी. दुकानातून सांगितलं, सेट खराब आहे. तो माणूस येईपर्यंत दोन दिवस आम्ही रंगीत सिनेमे काळे-पांढरे पाहिले. त्याने येऊन पिन शेजारच्या सॉकेटात घातली आणि चहा पिऊन गेला.

या तिहेरी वायरीतून १०८० रेषांचं चित्रही व्यवस्थित जायचं. तरी ती बंद का पडली? एचडीएमआय ही डिजिटल वायर डिसेंबर २००२ मध्ये आली, तिच्यात चित्र आणि आवाज एकाच वायरीत, हे सोयीचं होतंच. पण सोय हे अर्धंच कारण. कॉम्पोनंटसारख्या ॲनालॉग वायरीतून जाणाऱ्या चित्राला कुलूप लावता येत नाही, आणि कुणी नक्कल करू नये म्हणून चित्रपट कंपन्यांना कुलूप हवं होतं. डीव्हीडीनंतर आलेल्या ब्लू-रे डिस्कच्या २००९ च्या परवाना करारात तारखाच घातल्या गेल्या. २०१० सालानंतर येणाऱ्या नव्या प्लेअरने ॲनालॉग वायरीतून जुन्या दर्जाचंच चित्र द्यायचं, आणि २०१३ नंतर बनणाऱ्याने कुलूपबंद डिस्कचं काहीच द्यायचं नाही. ज्यांनी हौसेने केवळ कॉम्पोनंटचा महागडा टीव्ही आधी घेतला होता, त्यांना कुणी विचारलं नाही. आणि एचडीएमआयवरच्या त्या कुलपाची मूळ किल्ली सप्टेंबर २०१० मध्ये इंटरनेटवर फुटली, पहिली तारीख उजाडण्याआधीच! नियम तरीही राहिले. चित्राच्या दर्जाचा या निर्णयाशी काही संबंध नव्हता, हे मला आजही खटकतं.

आपल्याकडे हे सगळं निराळ्याच क्रमाने घडलं. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ला ॲनालॉग केबल बंद होऊन सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, मार्च २०१३ अखेर पुणे, नाशिक, नागपूरचा नंबर लागला. घरोघरी सपाट टीव्ही येत होते आणि केबलवाल्याने त्यांना बॉक्स जोडला तो बहुधा जुन्याच लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने. डिजिटल सिग्नल बॉक्समध्ये उलगडायचा, मग पुन्हा कालवायचा. ‘डिजिटल झालं तरी अंधूकच दिसतं’ ही तक्रार तेव्हा घरोघरी होती, आणि शिव्या खायचा तो टीव्ही.

पुढच्या टीव्हींत पिवळं आणि हिरवं सॉकेट एकच झालं, मग एक बारीक छिद्र उरलं, त्याला वेगळी शेपटी लावायची. आता अनेक नव्या टीव्हींना तेही नसतं. कपाटातला जुना हँडीकॅम जोडायचा तर बाजारात मिळते ती एव्ही-टू-एचडीएमआय डबी, आणि स्वस्तातल्या डबीला कॅमेऱ्याकडून येते पिवळीच पिन.