सान्निध्य मागतो आहोत की आशीर्वाद?

"प्रभू, तू आमच्यामध्ये ये आणि आमच्या कार्याला आशीर्वाद दे." मंडळीतल्या (चर्चमधल्या) जवळजवळ प्रत्येक प्रार्थनेत या दोन मागण्या, देवाचं सान्निध्य आणि त्याचा आशीर्वाद, एका दमात येतात. आपण आमेन म्हणतो आणि दोन्हींचा अर्थ एकच धरून चालतो. वेदीवरूनही तसंच शिकवलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आशीर्वाद म्हणजे काय ते नव्याने सांगायला नको: पाऊस, नोकरी, बरा झालेला आजार, भरलेली बाकं. देव सर्वत्र आहे, मग त्याला "ये" का म्हणायचं, हा प्रश्न बायबल अभ्यासात तासभर चालतो. देवापासून दूर कुठेच जाता येत नाही असं सांगणारं स्तोत्र १३९ वाचावं आणि पुढे जावं. गाताना डोळे भरून आले की नाही, यावरूनही सान्निध्याचं काही ठरत नाही.

खरी गफलत बायबलमधल्या निर्गम ३३ मध्ये उघडी पडते. इस्राएल लोकांनी सोन्याचं वासरू करून पूजलं, त्या पापानंतर देव त्यांचा पुढारी मोशे याला सांगतो: तुमच्यापुढे दूत पाठवतो, कनानी लोकांना घालवून देतो, दुधामधाच्या देशात जा, पण मी स्वतः तुमच्यामध्ये राहून येणार नाही. नीट बघा, इथे आशीर्वाद एकही कमी झालेला नाही. अब्राहामाला दिलेलं वचन पुरं होतंय, शत्रू हटतायत, जमीन मिळतेय. तरी लोकांनी शोक केला, अंगावरचे दागिने उतरवले. मोशे तर अडूनच बसला: तू येणार नसलास तर आम्हांला इथून हलवू नकोस. आम्ही इतर लोकांपेक्षा वेगळे आहोत हे दुसऱ्या कशावरून कळणार, असं त्याचं म्हणणं. आज हाच प्रस्ताव आपल्या मंडळीपुढे आला तर आपण नको म्हणू का? मी स्वतःला हे विचारतो तेव्हा उत्तर लगेच येत नाही.

देण्यावर डोळा ठेवून देणाऱ्याला बोलावलं की काय होतं, ते १ शमुवेल ४ मध्ये आहे. पलिष्ट्यांशी लढताना ४,००० माणसं पडल्यावर इस्राएलाचे वडीलजन म्हणाले, शिलोहून कराराचा कोश (देवाच्या सान्निध्याची खूण असलेली पेटी) आणू, म्हणजे तो आपल्याला वाचवील. कोश छावणीत येताच असा जयघोष झाला की जमीन दणाणली. मग ३०,००० पायदळ पडलं आणि कोश पलिष्ट्यांच्या हाती गेला. देवाला काय हवंय हे त्या वडीलजनांनी विचारल्याचा उल्लेख अध्यायात कुठेही नाही.

मी अनेक वर्षं पंचकमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीत, बसलो आहे. विषयपत्रिका छापून हातात आलेली असते, मग दोन मिनिटांची प्रार्थना, आणि पुढचे दोन तास छताचे पत्रे, भाडं, नाताळचा खर्च. ती प्रार्थना ठरलेल्या गोष्टींवर शिक्का मागणारी असते. अंत्युखियाच्या पहिल्या मंडळीत उलट क्रम होता: तिथले पुढारी उपासना आणि उपास करत होते, तेव्हा बर्णबा व शौल (पुढचा पौल) यांना वेगळं करा असं पवित्र आत्म्याने सांगितलं (प्रेषितांची कृत्ये १३). विषय तिथून आला. माझं मत ठाम आहे: पत्रिका लिहिण्याआधी कमिटीने अर्धा तास नुसतं देवापुढे बसावं, काही न मागता.

केडगावच्या मुक्ती मिशनमधलं १९०५ सालचं जागरण, म्हणजे तिथे झालेली आध्यात्मिक जागृती, सांगताना लोक जूनअखेरच्या रात्रींवर येऊन थांबतात. पंडिता रमाबाईंनी जानेवारीतच रोज प्रार्थनेला बसण्यासाठी मुलींना बोलावलं होतं. सुरुवातीला सत्तरेक जणी आल्या. जूनपर्यंतचे ते महिने कोणी फारसे सांगत नाही.

निर्गम ३३ मध्येच आणखी एक ओळ आहे, ती पुढारी निवडणाऱ्यांनी वाचावी. दर्शनमंडपात (देवाला भेटण्याच्या तंबूत) देवाशी बोलून मोशे छावणीत परत यायचा, कारण त्याला कामं होती. नूनाचा मुलगा यहोशवा, त्याचा तरुण सेवक आणि पुढे त्याच्या जागी आलेला पुढारी, मंडप सोडत नसे.