अर्न्ड शेड्युल

अर्न्ड शेड्युल म्हणजे प्रोजेक्ट किती मागे पडलाय किंवा पुढे गेलाय ते रुपयांत न मोजता सरळ आठवडे-महिन्यांत मोजायची पद्धत. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर सॉफ्टवेअर विभागात काम करणाऱ्या वॉल्ट लिपके यांनी ती २००३ मध्ये मांडली.

त्याआधी सगळा भर अर्न्ड व्हॅल्यूवर, म्हणजे झालेलं काम रुपयांत मोजण्यावर होता. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ मध्ये कंत्राटदारांसाठी ३५ निकष काढले, तिथून ती पद्धत पसरली. त्यात दोन आकडे बघायचे, आजपर्यंत किती रुपयांचं काम व्हायला हवं होतं ते पीव्ही आणि खरंच किती रुपयांचं झालं ते ईव्ही (खर्च किती झाला ते वेगळं, त्याचा इथे संबंध नाही), आणि ईव्हीला पीव्हीने भागलं की एसपीआय मिळतो, १ च्या खाली गेला म्हणजे काम मागे. खर्चाच्या बाजूला ही पद्धत उत्तम चालते. शेड्युलच्या बाबतीत मात्र ती ऐन शेवटी दगा देते, कारण ठरलेली तारीख उलटली की पीव्ही एकूण बजेटवर थांबतो, ईव्ही हळूहळू तिथपर्यंत येतोच, आणि काम वर्षभर उशिरा संपलं तरी शेवटच्या दिवशी एसपीआय बरोब्बर १. रिपोर्ट वाचणाऱ्याला वाटणार सगळं वेळेत झालं. क्लायंट तारखेसाठी सगळ्यात जास्त मागे लागतो तेव्हाच हा आकडा निरुपयोगी होतो, आणि माझ्या मते नुसत्या एसपीआयवर शेड्युल सांभाळू नये याला एवढं एकच कारण पुरेसं आहे.

लिपके यांनी प्रश्नच बदलला. आज जेवढं काम झालंय तेवढं प्लॅनप्रमाणे कधी व्हायला हवं होतं? समजा एका इमारतीचं काम आहे, १० महिने आणि १० कोटी. प्लॅनमध्ये पाचव्या महिन्याअखेर ५ कोटींचं, सहाव्याअखेर ६.४ कोटींचं आणि सातव्याअखेर ७.७ कोटींचं काम धरलंय. सातवा महिना संपला, स्लॅब झाले पण प्लास्टर रखडलंय आणि झालेलं काम भरतं ५.७ कोटींचं. हा आकडा पाचव्या आणि सहाव्या महिन्याच्या बरोब्बर मधे येतो, म्हणून अर्न्ड शेड्युल ५.५ महिने. सात महिने गेले, काम साडेपाचचं झालं, म्हणजे दीड महिना मागे, आणि हे साइटवरच्या मुकादमालाही समजावून सांगावं लागत नाही. साडेपाचला सातने भागलं की ०.७९ येतो, हा एसपीआय-टी. मूळ १० महिन्यांना त्याने भागलं की अंदाज निघतो, जवळपास पावणेतेरा महिने.

पुढे बाराव्या महिन्याअखेर ९.५ कोटींचं काम झालं असं धरा, प्लॅनमध्ये तेवढं काम नवव्या महिन्याअखेर व्हायचं होतं. जुना एसपीआय ०.९५ दाखवून धीर देतो, एसपीआय-टी मात्र ०.७५.

बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातले मारिओ व्हानहूक आणि त्यांच्यासोबत स्टीफान व्हांडेव्होर्डे यांनी कॉम्प्युटरवर भरपूर काल्पनिक प्रोजेक्ट चालवून बघितले, आणि कामाच्या शेवटाचा अंदाज बांधायच्या पद्धतींत ही सरासरीत सरस ठरली. मात्र कामं एकापाठोपाठ एक असतील तिथे ती जास्त नेमकी, खूप कामं समांतर चालत असतील तिथे कमी, कारण क्रिटिकल पाथवरचं (जे लांबलं की पूर्ण प्रोजेक्टच लांबतो असं) काम कुठलं आणि बाजूचं कुठलं ते या हिशोबाला दिसत नाही, पुढची सोपी कामं आधी उरकून ईव्ही फुगवला तरी आकडा छान येतो. त्यामुळे बार चार्ट उघडून क्रिटिकल पाथ वेगळा बघायलाच लागतो. आणि ईव्हीच अंदाजपंचे भरला असेल, साइट इंजिनिअरने "ऐंशी टक्के झालंय" म्हटलं आणि कोणी मोजमाप घेतलंच नाही, तर पुढचं सगळं गणित वाया.

मूळ तारीख अजून गाठता येईल का, याचाही हिशोब यात आहे. उरलेल्या कामाच्या महिन्यांना उरलेल्या वेळेने भागायचं. वरच्या उदाहरणात सातव्या महिन्याअखेर साडेचार महिन्यांचं काम उरलंय आणि हातात तीन महिने, म्हणजे १.५. लिपके यांच्या मते हा आकडा १.१० च्या वर गेला की मूळ तारीख गाठणं जवळपास अशक्य, तेव्हा नवी तारीख क्लायंटसमोर सातव्या महिन्यातच ठेवायला हवी.