खळखळ, टकटक आणि शाळेतला मसावि

खळखळ, सळसळ, चिवचिव. एकच तुकडा दोनदा म्हणायची आपल्या भाषेला हौसच आहे. परवा भाचीने पुठ्ठ्याचे चौकोन कापले, 12 वर ‘ट’ आणि 8 वर ‘क’ लिहिलं आणि विचारलं, “मामा, सगळे वापरून एकच तुकडा जास्तीत जास्त किती वेळा आणता येईल?” तिचा दादा म्हणाला, “कॉम्प्युटरला सांग, तो सगळ्या रचना करून बघेल.”

हा समज फार पसरलेला आहे. या 20 चौकोनांच्या 1,25,970 वेगवेगळ्या रचना होतात. तेवढ्या संगणक चुटकीसरशी तपासेल. पण चार अक्षरं प्रत्येकी 6 वेळा, असे 24 चौकोन घेतले की आकडा 2 लाख 30 हजार कोटींच्या वर जातो. आणि खरं तर एकही रचना करून बघायची गरज नाही.

तुकडा 4 वेळा यायचा, तर त्यात जितके ‘ट’ असतील त्याच्या चौपट ‘ट’ एकूण लागणार. म्हणजे प्रत्येक अक्षराच्या संख्येला 4 ने पूर्ण भाग गेलाच पाहिजे. उलटही खरं: भाग जात असेल तर प्रत्येक अक्षराचा चौथा हिस्सा उचला, हवा तसा मांडा (टटटकक) आणि तोच चार वेळा लिहा. क्रमाचा प्रश्न मिटला, उरली मोजदाद. जास्तीत जास्त किती वेळा? तर मसावि, म्हणजे सगळ्या संख्यांना जिने पूर्ण भाग जातो ती सर्वांत मोठी संख्या! 12 ला 8 ने भागा, बाकी 4, 8 ला 4 ने भागा, बाकी शून्य, उत्तर 4. ही रीत युक्लिडने इ.स.पू. 300 च्या सुमारास लिहून ठेवली. आर्यभटाच्या कुट्टकातही, म्हणजे समीकरणांची पूर्णांकी उत्तरं शोधायच्या रीतीतही, असाच परस्पर भागाकार चालतो.

नावात एक अक्षर वाढवून नशीब पालटून देणारेही अक्षरंच मोजतात. त्यांच्या मोजणीत असं ‘गेलाच पाहिजे’ कुठे सिद्ध होतं, हे त्यांना जरूर विचारा.

मराठीत मात्र एक पेच आहे. ‘कामकमा’ घ्या. चौकोनांवर का, म, क, मा. चारही वेगळी, प्रत्येकी एकदाच. मसावि 1, म्हणजे पुनरावृत्ती अशक्य. पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत, काना हे स्वतंत्र चिन्ह आहे. संगणकाच्या लेखी हा शब्द म्हणजे क, काना, म, क, म, काना. तिन्ही चिन्हं दोनदा, मसावि 2, आणि उत्तर ‘कामकाम’.

हे ऐकल्यावर भाचीने पुन्हा कात्री घेतली आणि कान्यासाठी दोन अरुंद पट्ट्या कापल्या.