व्हॅक्यूम पंप की रिकव्हरी मशीन? गाडीच्या एसीतून कोण काय ओढतं

कंडेन्सर किंवा कॉम्प्रेसर बदलायचा झाला की मेकॅनिक म्हणतो, "आधी गॅस काढू, मग व्हॅक्यूम मारू," म्हणजे आतली हवा ओढून पाइप रिकामे करू. दोन्ही वेळा गेजचा (दाब दाखवणाऱ्या मीटरचा) तोच पिवळा पाइप, मोटरची तीच घरघर. त्यामुळे पंप घेतला की गॅस काढायचीही सोय झाली, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण ही कामं वेगळी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली तर नुकसान मोठं होतं.

रिकव्हरी मशीन गॅससाठी. त्यात कॉम्प्रेसर असतो. तो एसीतला गॅस ओढतो, दाबतो, थंड करून द्रव करतो आणि सिलिंडरमध्ये भरतो. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवायचा आणि ८० टक्क्यांच्या वर भरायचा नाही. गरम झाल्यावर द्रव फुगतो, त्याला जागा लागते.

व्हॅक्यूम पंप मात्र रिकाम्या लाइनसाठी, म्हणजे गॅस काढून झालेल्या एसीच्या पाइपांसाठी. जे ओढेल ते तो सरळ बाहेर हवेत सोडतो. बंद उभ्या गाडीत ३० अंशांना आर-१३४ए या एसीच्या गॅसचा दाब शंभरएक पीएसआय (दाबाचं एकक) असतो. त्यावर पंप लावला तर पंपातलं तेल एक्झॉस्टमधून उडतं आणि गॅस गॅरेजभर पसरतो. व्हॉल्व्हची पिन दाबून फुस्स करून सोडणं हाही तोच गुन्हा. हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता धरतो. अर्धा किलो सुटला तर सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळल्याइतकं नुकसान! शिवाय तो उणे २६ अंशांना उकळतो, म्हणजे द्रव अंगावर उडाला की कातडी गोठते. डोळ्यांवर गॉगल आणि हातात मोजे हवेतच.

मग रिकव्हरी मशीननंच सगळं ओढून घ्यावं, पंप कशाला? कारण ओल. लाइन उघडली की दमट हवा आत शिरते, आणि कॉम्प्रेसरचं पॅग ऑइल ओल चटकन शोषतं. ती राहिली तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी, म्हणजे गॅस दाब कमी होऊन थंड होतो तिथे, बर्फ धरतो, तेलात आम्ल तयार होतं. ओल काढायची तर दाब इतका उतरवावा लागतो की पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून वाफ होईल. रिकव्हरी मशीन तितकं खोल जात नाही. पंपाच्या काचेत तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आलंय. ते तेल बदलायचं.

गेज वाचताना एक गोष्ट मला आवर्जून सांगावीशी वाटते. मुंबईत पूर्ण व्हॅक्यूमला सुई ३० इंचांजवळ (पाऱ्याच्या इंचांत) जाते. पुण्यात, साडेपाचशे मीटर उंचीवर, ती २८ इंचांपाशीच थांबते. तिथे पंपाला दोष देऊ नका.

आर-१२३४वायएफ या दुसऱ्या एसी गॅसच्या गाडीला मशीन वेगळंच हवं, कारण तो गॅस पेट घेऊ शकतो.

पंप अर्धा तास चालवून गेजचे दोन्ही नॉब बंद करा, मग पंप बंद करून पंधरा मिनिटं सुईवर नजर ठेवा. सुई थोडी चढून थांबली तर बहुधा ओल उरलीय, पंप पुन्हा लावा. शून्याकडे चढतच राहिली तर गळती आहे. गॅस भरू नका, आधी ती शोधा.