ऑक्सिजन नसताना पेशी इलेक्ट्रॉन कोठे ठेवते?

सिंहगडाचा चढ घाईने चढणाऱ्या माणसाच्या पोटऱ्यांत जी एक रासायनिक अभिक्रिया चालू असते, तीच गडावर मडक्यात विरजलेल्या दह्यातही घडून गेलेली असते. दोन्ही ठिकाणी पायरुव्हेट या तीन कार्बन असलेल्या रेणूचे लॅक्टेट होते, दोन्ही ठिकाणी ते काम लॅक्टेट डिहायड्रोजिनेज या गटातील विकर (एन्झाइम) करते, आणि या पायरीवर स्नायूला किंवा जिवाणूला वापरता येईल अशी ऊर्जा अजिबात मिळत नाही. ऑक्सिजनशिवाय पेशी ऊर्जा कशी मिळवते, हे समजून घ्यायचे असेल तर वरवर निष्फळ दिसणारी ही पायरी का घडते, येथूनच सुरुवात करणे बरे.

पेशीचे रोजचे चलन म्हणजे एटीपी हा रेणू. ग्लुकोजपासून तो मिळवण्याचा पहिला टप्पा पेशीद्रवात दहा पायऱ्यांनी पार पडतो आणि त्याला ऑक्सिजन लागतच नाही. या ग्लुकोज-विघटनात सहा कार्बनच्या एका रेणूचे पायरुव्हेटचे दोन रेणू होतात, एटीपीचे दोन रेणू खर्च होऊन चार तयार होतात, म्हणजे निव्वळ दोन पदरात पडतात. मात्र याच वाटेवर ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि एनएडी नावाचा वाहक रेणू ते उचलून घेतो. पेशीत हा वाहक फार थोडा असतो. गळिताच्या हंगामात कारखान्यापुढे उसाच्या गाड्या रिकाम्या न होता उभ्या राहिल्या, की फडात ऊस असूनही तोड थांबते. तसेच भरलेला एनएडी रिकामा झाला नाही तर ग्लुकोज शिल्लक असूनही विघटन थांबते.

ऑक्सिजन असला की हा भार तंतुकणिकांमधील (मायटोकाँड्रियांमधील) इलेक्ट्रॉन वहन साखळीकडे, म्हणजे इलेक्ट्रॉन एकमेकांकडे देत जाणाऱ्या रेणूंच्या रांगेकडे जातो, शेवटी ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि पाणी बनते. तेवढ्या प्रवासात एका ग्लुकोजमागे एकूण सुमारे 30 ते 32 एटीपी मिळतात. ऑक्सिजन नसताना किंवा अपुरा असताना पेशी ते इलेक्ट्रॉन स्वतःच तयार केलेल्या पायरुव्हेटवर परत ठेवते, त्याचे लॅक्टेट होते आणि एनएडी पुन्हा मोकळा होतो. ऊर्जा आधीच्या पायऱ्यांत मिळालेली असते; लॅक्टेट बनणे हे केवळ त्या पायऱ्या चालू ठेवण्याचे साधन आहे. यीस्ट हाच प्रश्न थोड्या वेगळ्या रीतीने सोडवते. ते पायरुव्हेटमधून आधी कार्बन डायऑक्साइड काढून टाकते, उरलेल्या ॲसिटाल्डिहाइडवर इलेक्ट्रॉन ठेवते आणि इथेनॉल तयार होते. बेकरीतला पाव त्यातल्या वायूमुळे फुगतो, तर मद्यनिर्मितीत हवे असते ते इथेनॉल. यीस्टच्या दृष्टीने मात्र दोन्ही टाकाऊच.

हे कोडे एका झटक्यात उलगडले नाही. किण्वन ही जिवंत पेशींची क्रिया आहे आणि काही जीव हवेशिवाय जगतात, हे लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवले. पुढे 1897 मध्ये एदुआर्द बुख्नर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून, दाबून त्याचा पेशीविरहित रस काढला आणि तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली, तर रसातून बुडबुडे येऊ लागले. पेशी मेल्या, तरी किण्वन चालू होते. या कामासाठी त्यांना 1907 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यानंतर आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांना दिसले, की या रसाला फॉस्फेट लागते आणि शिवाय उकळूनही नष्ट न होणारा एक लहान घटक लागतो. तो घटक म्हणजेच आपला वाहक, एनएडी. जर्मनीत ओटो मायरहोफ बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग करत होते, आणि यीस्ट व स्नायू शेवटच्या वळणापर्यंत एकाच वाटेने जातात हे हळूहळू स्पष्ट झाले.

आता लॅक्टेटविषयी थोडे अधिक, कारण त्याच्याइतका गैरसमजाचा धनी झालेला रेणू विरळाच. गड चढून आल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या दुखतात, त्याचे खापर अजूनही 'लॅक्टिक ॲसिड साठल्यावर' फोडले जाते. वस्तुतः श्रम थांबल्यावर साधारण तासाभरात लॅक्टेटची पातळी पूर्ववत होते. दुसऱ्या दिवशीचे दुखणे हे सवय नसलेल्या श्रमाने, विशेषतः उताराने, स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांचे आणि त्यानंतरच्या दाहाचे असते. दुसरा गैरसमज असा, की ऑक्सिजन पूर्ण संपल्यावरच लॅक्टेट बनते. जोरात धावताना स्नायूला एटीपी इतक्या वेगाने हवा असतो, की तंतुकणिका कामात असतानाही ग्लुकोज-विघटन त्यांच्या पुढे निघून जाते आणि जादा पायरुव्हेटचे लॅक्टेट होते. एका ग्लुकोजमागे मिळकत कमी, पण वेग मोठा, असा हा व्यवहार आहे.

शिवाय लॅक्टेट म्हणजे कचरा नव्हे. ग्लुकोजच्या पूर्ण ज्वलनातून दर मोलला सुमारे 2870 किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. लॅक्टेटपर्यंतच थांबल्यास त्यातील जेमतेम सात टक्के. उरलेली सगळी लॅक्टेटमध्येच असते आणि शरीर ती वाया घालवत नाही. हृदयाचा स्नायू लॅक्टेट थेट इंधन म्हणून वापरतो, तर यकृत त्याचे पुन्हा ग्लुकोज बनवून रक्तात सोडते. कार्ल आणि गर्टी कोरी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चक्रात स्नायूला दोन एटीपी मिळतात, पण यकृताला सहा मोजावे लागतात. हा तोटा शरीर पत्करते, कारण ती दोन हवी त्या क्षणी मिळालेली असतात. लाल रक्तपेशींची गोष्ट तर अधिकच गमतीची: जन्मभर ऑक्सिजन वाहणाऱ्या या पेशींत तंतुकणिकाच नसतात, त्यामुळे सुमारे 120 दिवसांचे सगळे आयुष्य त्या ग्लुकोज-विघटनावरच काढतात.

येथवर पाहिले ते किण्वन. शालेय पुस्तकांत ते आणि विनॉक्सिश्वसन बहुधा एकाच मथळ्याखाली येतात, पण दोहोंत मोठा फरक आहे. अनेक जिवाणूंकडे इलेक्ट्रॉन वहन साखळी असते, फक्त तिच्या टोकाला ऑक्सिजनऐवजी नायट्रेट, लोह किंवा सल्फेट बसलेले असते. मुळा-मुठेच्या संथ पात्रात साचलेल्या काळ्या गाळाला कुजक्या अंड्यांचा वास येतो, तो सल्फेटवर इलेक्ट्रॉन ठेवणाऱ्या जिवाणूंच्या हायड्रोजन सल्फाइडचा. काळा रंग मुख्यतः लोहाच्या सल्फाइडचा. या स्वीकारकांपैकी नायट्रेट ऑक्सिजनच्या बऱ्यापैकी जवळ जाते, सल्फेट मात्र फारच कमी ऊर्जा देते.

सर्वांत काटकसरीचे जीवन मिथेन तयार करणाऱ्या आर्कियांचे, म्हणजे जिवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या गटातील सूक्ष्मजीवांचे. पुण्यातील अनेक सोसायट्यांच्या आवारात ओल्या कचऱ्यासाठी बायोगॅस संयंत्रे दिसतात. येथील 'आरती' या संस्थेने उष्ट्या-खरकट्यावर चालणारे आटोपशीर संयंत्र विकसित केले, त्याला 2006 मध्ये शाश्वत ऊर्जेसाठीचा ॲश्डेन पुरस्कारही मिळाला. अशा टाकीत आधी किण्वन करणारे जिवाणू भात-पोळीची आम्ले, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करतात, मग काही आर्किया हायड्रोजनमधील इलेक्ट्रॉन कार्बन डायऑक्साइडवर ठेवून मिथेन बनवतात आणि काही त्या आम्लांपैकी ॲसिटेट फोडून. त्यांना प्रत्येक रेणूमागे इतकी कमी ऊर्जा मिळते, की त्यांची वाढ फार सावकाश होते. म्हणूनच नव्या टाकीत शेणाची स्लरी घालून काही आठवडे थांबावे लागते. त्याच कारणाने सणासुदीचे सगळे उष्टे एकाच दिवशी ओतले, की झपाट्याने वाढणारे जिवाणू आम्ल करून मोकळे होतात, सावकाश चालणाऱ्या आर्कियांना ते संपवता येत नाही, टाकी आंबते आणि शेगडी पेटेनाशी होते. अशा वेळी काही दिवस कचरा घालणे बंद ठेवून, जरूर पडल्यास थोडा चुना घालून, आम्लता उदासीनतेच्या जवळ येईपर्यंत वाट पाहावी लागते.