कर्करोग-उपचारांचे गुणवत्ता-मूल्यमापन (बेळगाव सीमाभाग)

कर्करोग-उपचारांचे गुणवत्ता-मूल्यमापन : कर्करोग झालेल्या माणसाला अचूक निदान, योग्य उपचार आणि पुढची देखभाल वेळेवर आणि परवडेल अशी मिळते का, हे ठरलेल्या निकषांवर तपासून उणिवा दूर करण्याची पद्धत. मराठी भाषक मोठ्या संख्येने राहतात त्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या कर्नाटकच्या सीमाभागात या विषयाला एक वेगळी अडचण आहे. इथला रुग्ण एका रुग्णालयात, पुष्कळदा एका राज्यातही, उपचार पुरे करत नाही. त्यामुळे रुग्णालयागणिक केलेले मोजमाप इथे अपुरे पडते.

अमेरिकेतील वैद्यक-अभ्यासक डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेची गुणवत्ता रचना (साधने आणि माणसे), प्रक्रिया (प्रत्यक्ष उपचार) आणि परिणाम (रुग्णाचे पुढे काय झाले) या तीन अंगांनी पाहावी, असे मांडले. कर्करोगाच्या बाबतीत राष्ट्रीय पातळीवरचा विचार पुढे १९९० च्या दशकात जोमाने झाला. इंग्लंड आणि वेल्ससाठीचा कॅल्मन-हाइन अहवाल १९९५ चा, तर अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा अहवाल १९९९ चा. दोन्हींमागची चिंता एकच होती : एकाच आजारावर एकाच देशात ठिकाणागणिक वेगळे उपचार होतात आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

निकष साधे, तपासता येण्याजोगे असतात. शस्त्रक्रियेआधी बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी, झाली होती का? कुठले औषध लागू पडेल हे सांगणारी स्तनाच्या गाठीची हार्मोन आणि हर-टू चाचणी झाली का? मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर किमान १२ लसीका-ग्रंथी (कर्करोग पसरतो तेव्हा ज्यांत आधी सापडतो त्या छोट्या गाठी) तपासल्या गेल्या का? गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रेडिएशन आठ आठवड्यांच्या आत संपले का? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी तीन उद्दिष्टे ठरवली : ६० टक्क्यांहून अधिक रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडावेत, डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेल्यापासून ६० दिवसांत रोगनिदान व्हावे आणि ८० टक्के रुग्णांनी उपचार पूर्ण करावेत. यातले तिसरे सीमाभागासाठी सर्वांत कळीचे आहे.

भारतात या मोजमापाचा पाया म्हणजे कर्करोग नोंदणी, म्हणजे ठरलेल्या भागातल्या कर्करोगाच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद. मुंबईची नोंदणी १९६३ पासूनची, तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचा. ग्रामीण भागातली देशातली पहिली नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत सुरू झाली. २०१०–१४ या काळात निदान झालेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण भारतात सुमारे ६६ टक्के होते, तर अमेरिकेत सुमारे ९०. ही तफावत केवळ औषधांच्या अभावातून आलेली नाही. उशिरा येणे आणि मध्येच उपचार सुटणे यांचा त्यात मोठा वाटा आहे.

किती शिबिरे घेतली, किती बायका तपासल्या, हे आकडे अहवालात शोभतात, पण ते परिणाम नव्हेत. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून केलेल्या तपासणीच्या गटात मात्र ठोस घट दिसली नाही. मृत्यूपर्यंतचा माग ठेवला, म्हणूनच हा फरक कळला.

निपाणीचा परिसर विडीच्या तंबाखूचा. १९८१ चे तंबाखू-उत्पादकांचे आंदोलन इथलेच. वखारीत तंबाखूच्या धुळीत बसून काम करणाऱ्या बायका, दाताला मिश्री लावण्याची जुनी सवय, गालात धरलेली तंबाखू आणि गुटखा यांमुळे तोंडाच्या कर्करोगाचा प्रश्न या मुलखात घरोघरचा आहे. तोंडातला पांढरा चट्टा डोळ्यांना दिसतो, तरीही माणूस दवाखान्यात येतो तो तोंड उघडेनासे झाल्यावर.

मग उपचारांसाठी वेगवेगळ्या वाटा फुटतात. बेळगावात केएलई संस्थेचे मोठे रुग्णालय आहे आणि तिच्या स्वतंत्र कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले. दक्षिणेला हुबळी, उत्तरेला कोल्हापूर आणि मिरज, खानापूरकरांना जवळचे गोवा. शेवटचा आधार म्हणून बंगळूरचे किडवाई किंवा मुंबईचे टाटा ही कर्करोग रुग्णालये, दोन्ही सुमारे पाचशे किलोमीटरवर. नातेवाईक मुंबईत असतात, भाषा आपली असते, म्हणून मराठी घरांचा ओढा टाटाकडे असतो.

या प्रवासात गुणवत्ता कुठे गळते ते रुग्णाच्या हातातल्या कापडी पिशवीत दिसते. त्यात एक्स-रे आणि सीटीच्या फिल्मा असतात, औषधांची बिले असतात, डिस्चार्ज कार्ड असते. नसतो तो बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे गाठीचा तुकडा जतन केलेला मेणाचा ठोकळा, आणि त्याच्या काचपट्ट्या. तो पहिल्या गावच्या लॅबमध्ये राहिलेला असतो आणि तो मागून घ्यायचा असतो हे कोणी सांगितलेले नसते. मग पुन्हा बायोप्सी, पुन्हा आठ-पंधरा दिवस. त्याहून वाईट म्हणजे गाठ छोट्या दवाखान्यात काढली आणि तपासणीला पाठवलीच नाही. असा रुग्ण पुढे कितीही चांगल्या रुग्णालयात गेला तरी तिथल्या डॉक्टरांना अंदाजावर चालावे लागते. काढलेली प्रत्येक गाठ तपासणीला गेलीच पाहिजे, हा एक नियम काटेकोर पाळला तरी या जिल्ह्यांत पुष्कळ फरक पडेल.

तोंड-घशाच्या कर्करोगाचे रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस, सहा-सात आठवडे चालते. मधले दिवस बुडाले की आजार आटोक्यात येण्याची शक्यता कमी होते. डिसेंबर २०२२ मध्ये आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमावाद पेटला, तेव्हा दोन्ही राज्यांमधल्या एसटी फेऱ्या थांबल्या होत्या. निपाणीहून रोज एसटीने कोल्हापूरला जाऊन रेडिएशन घेणाऱ्याच्या दृष्टीने तो उपचारातला खंड असतो. पण आपल्याकडच्या गुणवत्ता-निकषांत बससेवा कुठेच मोजली जात नाही. ती मोजली पाहिजे, निदान बुडालेल्या दिवसांचे कारण तरी लिहिले पाहिजे.

पैशाची बाजूही दोन राज्यांत विभागलेली आहे. कर्नाटकात २०१८ पासून आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक ही योजना आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आपला दावा असलेल्या ८६५ सीमावर्ती गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि कर्नाटक सरकारने त्याला आक्षेप घेतला. आजारी माणसाला यातून एवढेच हवे असते की कार्ड कुठल्या खिडकीवर चालेल हे पहिल्याच दिवशी कोणीतरी स्पष्ट सांगावे.

देशपातळीवर सुधारणेचे मोठे साधन म्हणजे २०१२ मध्ये टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने उभे राहिलेले नॅशनल कॅन्सर ग्रिड. त्यात आज ३०० हून अधिक केंद्रे व संस्था आहेत. समान उपचार-मार्गदर्शिका, अवघड रुग्णांवर अनेक तज्ज्ञांनी एकत्र चर्चा करण्याची ट्यूमर बोर्डाची पद्धत आणि औषधांची सामूहिक खरेदी ही त्याची कामे. पहिल्या सामूहिक खरेदीत ४० औषधांच्या किमती मोठ्या प्रमाणात उतरल्या. रुग्णाला वाट दाखवणारे प्रशिक्षित सोबती तयार करण्यासाठी टाटा केंद्राने ‘केवट’ हा अभ्यासक्रमही सुरू केला. कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणारा असा माणूस बेळगाव, हुबळी, मिरज आणि कोल्हापूरच्या रुग्णालयांत असणे ही सीमाभागाची पहिली गरज आहे.

मोजमापाचे एककही बदलायला हवे. रुग्णालयाऐवजी रुग्णाचा तालुका धरून हिशेब व्हावा : निपाणी तालुक्यात या वर्षी तोंडाच्या कर्करोगाचे किती जण सापडले, कुठल्या टप्प्यात, पहिल्या तक्रारीपासून उपचार सुरू व्हायला किती दिवस लागले, किती जणांचे उपचार पूर्ण झाले. ही माहिती चार गावच्या रुग्णालयांत पांगलेली आहे. ती जुळवायला दोन्ही राज्यांत समान ओळख-क्रमांक आणि माहितीच्या देवाणघेवाणीचा करार लागेल. गावात परतलेल्या रुग्णाची खबर ठेवण्यासाठी आशाताई आहेतच.

वेदनाशमन हा या मोजमापातला सर्वांत दुर्लक्षित भाग. अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन तीव्र वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सोपा झाला, तरी गोळी मिळण्याचे ठिकाण रुग्णाच्या घरापासून लांबच राहिले आहे. आजार बरा होणार नाही म्हणून घरी पाठवलेल्या माणसाला रात्रीची झोप मिळते का, याचीही नोंद तालुक्याच्या हिशेबात व्हायला हवी आणि ती घरी जाऊनच घ्यावी लागेल.